हिरव्या गाडीला सात हात

चांदा
१९ जानेवारी १९५६

सोमाजी,

काल संध्याकाळी पोचलो. अंगाचा रॉकेलचा वास अजून गेलेला नाही. कारखान्यातली मंडळी विचारतात, संक्रांतीला गावी जाऊन तीळगूळ खाल्लास की इंजिन? खरं सांगतो, मालगुजारांच्या गोठ्यात ती जुनी मालमोटार पहिल्यांदा पाहिली, तिच्या बॉनेटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली पाहिली, तेव्हा वाटलं, पंप दुरुस्तीच्या बदल्यात हे भंगार उचलून आपण फसलो. तिसऱ्या दिवशी आपल्या गोठ्यात हँडल मारल्यावर इंजिन खोकलं, आई सूप टाकून आत पळाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

इंजिनाचं काम माझं होतं, ते झालं. आता अंगाचं काम तुझं. घरात ताराबाई वाचून दाखवतील, उत्तरही त्याच लिहितील, तू नीट ऐक. आधी सगळा गंज खरवडायचा, पार पांढरा पत्रा दिसेपर्यंत. मागच्या डाल्याच्या, माल ठेवायच्या हौद्याच्या, फळ्या वाळवीने खाल्ल्या आहेत, त्या झिंगूमामाकडून नव्या करून घे. मग तांबडा अस्तराचा रंग, मग वरचे दोन हात. घाई केलीस तर पहिल्या पावसात पोपडे निघतील. तुझा स्वभाव मला माहीत आहे, जाळं पाण्यात पडायच्या आत ओढायला लागतोस.

एक गोष्ट समोर बोलता आली नाही. खाणीत कामाला जायचा विचार सोड. मागच्या पावसाळ्यात कावड घेऊन घसरलास, खांद्याचं हाड वाकडं जुळलं, यात तुझा दोष काय? पूर आला की वैनगंगेतून माशांचं जिरं, म्हणजे नुकती फुटलेली बारीक पिल्लं, धरायचं आणि मडक्यांत घालून दहा मैलांवरच्या तलावांत सोडायचं, हेच आपल्या ढिवर मच्छीमारांच्या सोसायटीचं वर्षाचं काम. कावड तुझ्याने उचलत नसेल तर जिरं गाडीने जाईल. जुलैच्या आत गाडी उभी कर, म्हणजे तुला घर सोडायचं कारण उरणार नाही.

तुझा भाऊ
भैयाजी

चिंचोली, ता. ब्रह्मपुरी
१५ फेब्रुवारी १९५६

भाऊ,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. गंज खरवडायचा काचकागद ब्रह्मपुरीत मिळाला नाही. मग खवले काढायच्या सुऱ्या घेतल्या. माशाचे काढतात तसे शेपटाकडून डोक्याकडे गंजाचे खवले निघाले. कोपऱ्यांत सुरी पोचत नव्हती, तिथे ओल्या वाळूने आणि नारळाच्या शेंडीने घासलं. झिंगूमामा वल्ह्यांना घासतो ते खरबरीत पानही फार कामाला आलं. बावीस दिवस लागले. आता पत्रा असा आहे की आईला त्यात तोंड दिसतं. ती म्हणाली, "माह्यं तोंड इतकं वाकडं कवा झालं?" मडगार्डला पोचा आहे, त्यात कोणाचंही तोंड तसंच दिसतं.

डाव्या दाराखाली वीतभर पत्रा पार गेलेला होता. घमेलं कापून ठिगळ ठोकलं आहे. बाहेरून कळत नाही.

खांद्याची काळजी करू नकोस. खांद्यावर भार येईल असं काम इथे कोणी करत नाही.

अस्तराचा रंग कुठे मिळेल ते कळव. घरी गेरू भरपूर आहे आणि जवसाचं तेल आहे. तेल उकळून त्यात गाळलेला गेरू घातला तर चालेल का?

सोमाजी

चांदा
२४ फेब्रुवारी १९५६

सोमाजी,

पत्र दोनदा वाचलं, मग कारखान्यात नेऊन मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा रंगारी इसरू, ज्याला जगातलं कोणाचंच काम पसंत पडत नाही, तो बिडी विझवून म्हणाला, "गेरू आन् जवस? अरे, अस्तर म्हंजे तेच तं हाये. डब्यात भरून आलं म्हून का येगळं होते?" तेव्हा जरूर कर. वस्त्रगाळ गेरू मात्र.

बावीस दिवस एका गंजावर, आणि तू! मी तुला लहानपणापासून पाहतो आहे. तुझं एक काम पुरं झालेलं मला आठवत नाही. अर्धं विणून टाकलेलं जाळं आईनेच पुरं करायचं. माणूस बदलतो म्हणतात ते खोटं नाही. की ताराबाईंनी मागे उभं राहून करून घेतलं? काही असो, मला फार बरं वाटलं. खाण डोक्यातून गेली ना?

छोट्या गाडीच्या गार्डाबरोबर हिरव्या रंगाचे दोन डबे पाठवतो आहे. ब्रह्मपुरी ठेसनावर उतरवून घे. दोन हातांना पुरतील.

भैयाजी

चिंचोली
२९ मार्च १९५६

भाऊ,

डबे पोचले. अस्तर देऊन झालं, खडखडीत वाळलं.

डाला झिंगूमामाने केला. मामा साठ वर्षं डोंगे करतो हे तुला माहीत आहे. सागाच्या फळ्या त्याने अशा बसवल्या की मध्ये नख शिरणार नाही. तरी समाधान होईना, म्हणून सांध्यांत अंबाडीचं सूत ठोकलं, वर राळ आणि तेल ओतलं. मग चार घागरी पाणी ओतून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. खाली थेंब नाही. मामा गावभर सांगत फिरतो आहे, "चाकं गळून पडली तरी वैनगंगेत सोडा, पोहून जाईन."

रंगाबद्दल एक विचारायचं होतं, पण सुरुवात करून टाकली. तू दोन हात सांगितलेस. आई जाळ्याला सालीचा रंग देते तेव्हा सात पुटं देते, अगदी पातळ, आणि प्रत्येक पूट सावलीत वाळवते. तिचं म्हणणं, जाड पूट धाग्यात शिरत नाही, वरच्या वर सुटतं. आपल्याला माहीत असलेली रीत तीच. म्हणून तुझा रंग तेलाने पातळ करून सात हात द्यायचं ठरवलं. गाडीवर तट्ट्यांचा मांडव घातला आहे. सकाळी अंगण शिंपून धूळ बसवायची, मग ओल्या लुगड्याचा पडदा सोडायचा आणि आत बसून रंग द्यायचा. एका हाताला आठवडा जातो. दोन झाले. काल एक माशी चिकटली, ती काढताना डाग पडला, म्हणून ते दार पुन्हा घासून पुन्हा दिलं.

चुकत असेल तर लगेच कळव.

सोमाजी

चांदा
६ एप्रिल १९५६

सोमाजी,

आधी रागावतो, मग उरलेलं. अरे, डाल्यात फटी ठेवतात. पाऊस पडला तर पाणी जाईल कुठे? ट्रक आहे तो, डोंगा नव्हे. झिंगूमामाला विचारायच्या आधी मला विचारायला हवं होतं. आता फळ्या उकलू नकोस, मी आल्यावर खाली भोकं पाडू.

आता उरलेलं. सात हातांचं वाचून मी इसरूकडे गेलो. मला वाटलं होतं तो हसेल. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "राजेरजवाड्याच्या बग्ग्याले असाच देत होते. आता कोनाले येळ हाये? तुह्या भावाले म्हना, माह्या हाताखाली नको येऊ, मीच त्याच्या हाताखाली येतो." सोमाजी, इसरूच्या तोंडून असं आजवर कोणाबद्दल निघालं नाही. त्या दिवशी मी कारखान्यात छाती काढून फिरलो. मालकांनी विचारलं तर त्यांनाही सांगितलं, माझा भाऊ आहे.

तुझ्यावर मी लहानपणी फार ओरडलो. त्याबद्दल आज वाईट वाटतं, ते लिहून टाकतो.

भैयाजी

चांदा
२८ एप्रिल १९५६

आई,

हे पत्र तुला आहे. वाचणारीने वाचताना एकही ओळ गाळू नये.

परवा दुपारी गावाहून पत्र आलं, सोमाजीच्या नावाने लिहिलेलं. त्यात लिहिलं होतं, "काल पाचवा हात दिला, सहाव्याला आता तेलाचं प्रमाण वाढवतो." ते पत्र खाटेवर तसंच पडलेलं होतं आणि संध्याकाळी दारात सोमाजी उभा. महाकालीच्या जत्रेला खाणीतल्या लोकांबरोबर आलेला. नखांत कोळसा. मी विचारलं, "रंग वाळला का रे?" तो म्हणाला, "काहाचा रंग?"

आई, तो भांदकच्या पुढे खाणीवर जानेवारी संपायच्या आधीपासून आहे. दिव्यांच्या खोलीत काचा पुसतो. गाडीचं त्याला काही माहीत नाही. गोठ्यातच असेल म्हणाला.

मग मी खाटेवर बसून सगळी पत्रं पुन्हा काढली. बावीस दिवस गंज कोणी काढला, घमेल्याचं ठिगळ कोणी ठोकलं, ओल्या लुगड्याआड बसून कोणी रंग दिला, ते एकेक कळत गेलं. लुगड्याचं वाचलं तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला भावाचं कौतुक करायची इतकी हौस होती की समोरचं दिसलं नाही. तीन महिने मी भलत्याच माणसाची पाठ थोपटत होतो.

भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीला पत्र लिहू नये, तिने त्याच्याशी बोलू नये, ही रीत मलाही माहीत आहे. म्हणून तुला लिहितो. मला राग आलेला नाही. मला एवढंच कळायला हवं की तो का गेला आणि मला का सांगितलं नाही.

तुझा
भैयाजी

चिंचोली
६ मे १९५६

भैयाजी,

मी गुणाबाई सांगते, तारा लिहिते. तुझं पत्र तिने पुरतं वाचलं, गाळलं नाही. लुगड्याच्या ओळीपाशी थांबली होती, मी पुढे ढकललं. आता माझं सांगून झालं. मी तिला म्हटलं, "कागदाले पदर नसते, बाई. तुहं तू लिहून टाक."

तर लिहिते. आजवर तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही आणि पत्रात तुम्हाला 'तू' लिहीत आले. प्रत्येक वेळी हात अडखळायचा. त्याची माफी आधी मागते.

तुम्ही चांद्याला गेलात त्यानंतर तिसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक झाली. यंदा कोणी किती कावडी न्यायच्या ते ठरलं. यांच्या वाटच्या कावडी सगळ्यांनी आपसांत वाटून घेतल्या. चांगल्या मनानेच घेतल्या, कोणी वावगं बोललं नाही. तेच यांना लागलं. घरी येऊन म्हणाले, "कावड उचलत नाई तं मी काहाचा ढिवर?" मी म्हटलं, गाडी होईल. म्हणाले, "गाडी होईन तवा होईन. लोकायची नजर आजची हाये." सकाळी निघून गेले. जाताना म्हणाले, भाऊला सांगू नको.

मी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना शोधायला गेला असता आणि गाडी गोठ्यात राहिली असती. बळजबरीने आणलेला माणूस पुन्हा जातो. त्यांना परत यायला काहीतरी हवं होतं, आणि माझ्याजवळ ती गाडी सोडून दुसरं काही नव्हतं. विचारायच्या गोष्टी तर रोज निघायच्या. भासऱ्यांना मी कशी विचारणार? म्हणून त्यांच्या नावाने विचारलं.

तुमची कौतुकाची पत्रं यायची तेव्हा मला आनंद व्हायचा आणि लाजही वाटायची, कारण ती माझी असून माझी नव्हती. इसरूभाऊंचं बोलणं मी आईंना तीनदा वाचून दाखवलं. हे मात्र खोटं सांगणार नाही.

परवा सातवा हात दिला. गाडी तयार आहे. हे कसे आहेत? जेवतात का?

तारा

चांदा
१० जून १९५६

आई आणि ताराबाई,

आता दोघींनाही एकदमच लिहितो. रीत मोडली तर मोडली, तिचं प्रायश्चित्त मी घेईन.

मागच्या महिन्यात दोन रविवारी खाणीवर जाऊन आलो. सोमाजी बरा आहे, जेवतो. पहिल्या रविवारी त्याला घरी चल म्हटलं, तो मान हलवून दिवे पुसत राहिला. दुसऱ्या रविवारी मी काही म्हटलं नाही. त्याच्या नावाची सगळी पत्रं बरोबर नेली होती, ती एकामागून एक वाचून दाखवली. स्वतःचीच पत्रं पहिल्यांदा ऐकणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता. गंजाचे खवले शेपटाकडून काढले तिथे हसला. जाळ्याच्या सात पुटांचं आलं तेव्हा म्हणाला, "हे पुन्यांदा वाच." मग ताराबाईंचं पत्र वाचलं. परत यायला काहीतरी हवं होतं, ते वाक्य झालं आणि तो उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

मी त्याला इतकंच सांगितलं, कावडीला खांदा लागतो, मोटारीचं चाक फिरवायला खांद्याखालचे हात पुरतात. तेव्हापासून दर रविवारी चांद्याला येतो आणि कारखान्याच्या मागच्या मैदानात गाडी शिकतो. दोनदा कुंपणात घातली. पण तिसऱ्या रविवारी इसरूला बसवून सरळ फेरी मारली. परवा त्याला परवाना मिळाला.

गावी येतोस का, हे मी अजून विचारलेलं नाही. ताराबाई, तुमचंच म्हणणं मानतो, बळजबरीने आणलेला माणूस पुन्हा जातो. पण मृग लागला आहे आणि तो रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला वैनगंगेचं पाणी विचारतो.

भैयाजी

चिंचोली
१७ जुलै १९५६

भाऊ,

हे पत्र तुमचे भाऊ सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. या वेळी खरोखर सांगत आहेत, माझ्याशेजारी बसले आहेत.

२९ जूनला सकाळी आले. अंगणात गाडी होती. पिशवी खाली न ठेवता तिच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. दाराखालचं ठिगळ शोधलं, सापडलं नाही, मला विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. मग पिशवी खाली ठेवली.

आठ जुलैला नदी चढली. जिरं चांगलं आलं. झिंगूमामाच्या डाल्याला भोकं पाडायची राहून गेली होती, तेच बरं झालं. हातभर पाणी भरून त्यात मडकी बसवली, मध्ये धानाचं तणस कोंबलं. पाण्याने मडकी गार राहिली आणि धक्का बसला नाही. कावडीने नेताना निम्मं जिरं वाटेत मरायचं. या वेळी दहा मैलांत तीन मडक्यांचं गेलं, बाकी जिवंत. मोठ्या तलावावर सगळी सोसायटी उभी होती. यांनी गाडी काठाला लावली, पहिलं मडकं मुखरूमामांच्या हाती दिलं. ते सोसायटीत सगळ्यांत वडील. मामा म्हणाले, "सोमाजी, बारा जनायच्या कावडी तू एकट्यानं आनल्या गा." यांनी मान खाली घातली, पण ती लाजेची नव्हती. मी ओळखते.

इथवर लिहून झालं. पुढचं यांनी सांगितलं तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, हे मी नाही लिहिणार, स्वतःबद्दल कोणी असं लिहितं का? तर म्हणतात, "तीन महिने माह्या नावानं लिहिलं, मी बोललो नाई तेबी लिहिलं. आता बोलून राह्यलो तं काऊन लिहत नाई?" म्हणून जसं सांगतात तसं लिहिते, माझ्याकडचं एक अक्षर घालत नाही.

भाऊ, गाडी तारानं केली. मी गोठ्यात टाकून गेलो, तिनं अंगनात आनली. मले वाटे का मी गेलो तं घरात एक खानारा कमी झाला. ती मात्र रोज सकाळी अंगन शिंपून माह्यासाठी रंग देत होती. लोक म्हनते गाडी आरशावानी दिसते. मी रोज पुसतो, मले तिच्यात तारा दिसते. लगन होऊन आठ वरसं झाली, मी तिले एकदाबी चांगलं केलं म्हटलं नाई. तोंडानं आताबी जमत नाई, भाऊ. पत्र तुले धाडून राह्यलो, पन सांगाचं होतं तिले.

लिहिणारी
तारा